पाला, गोळी आणि रक्त

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघाले की वाटेत सुलतानपूर लागते. लोणारचे सरोवर पाहायला जाणारी मंडळी इथल्या फाट्यावर थांबतात, चहा घेतात आणि वळतात. गावात पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारीत नाही. विचारले तर आम्हालाही पटकन सांगता येणार नाही. माझे बालपण या गावात गेले. आज जी हकिगत सांगणार आहे तिची सुरुवात इथल्या एका परसातल्या शेवग्याच्या झाडाखाली होते. मधला मोठा भाग मुंबईत परळला घडतो, थोडा साता समुद्रापलीकडे, आणि शेवटी आपण पुन्हा त्या परसात येऊ.

१९७३ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. ७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. विहिरींनी तळ दाखवला होता. माणसे खडी फोडायला जात होती आणि घराघरांत मिलोच्या लाल भाकरी थापल्या जात होत्या. त्या वर्षी माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. ती ओसरीवर टेकली तोच आजीने तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "पोरीच्या अंगात रगतच नाही राह्यलं." आक्काला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. पाठीमागच्या भिंतीचे पोपडे ती चोरून खायची, ते मला माहीत होते. मी बारा वर्षांचा होतो आणि ते गुपित मी इमानाने पाळले.

आजीचा उपाय ठरलेला होता. पाला. एरवी आमच्याकडे पाल्याला तोटा नाही. पावसाळ्यात तरोटा, चिवळ, घोळ, कुंजरा, पुढे अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याचा आणि करडईचा कोवळा पाला. पण त्या उन्हाळ्यात हिरवे म्हणावे असे काही उरले नव्हते. एक परसातला शेवगा तेवढा तग धरून होता. रोज सकाळी फांद्या ओरबाडून आणायचे काम माझ्याकडे आले. आजी तो पाला भरपूर पाण्यात उकळी, कडवटपणा जावा म्हणून ते पाणी ओतून देई, पाला मुठीत घट्ट पिळी आणि कांदा घालून परते. भाकरीबरोबर आक्काने तो खायचाच, असा तिचा हुकूम होता.

त्याच सुमारास नर्सबाई घरी येऊन गेल्या आणि कागदाच्या पुडीत गोळ्या देऊन गेल्या. आक्काने दोन दिवस घेतल्या. तिला मळमळले, शौचाला काळे झाले. आजी घाबरली. तिने पुडी काढून घेतली आणि हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकली. "रगत पानात असते, गोळीत नसते," हे तिचे वाक्य मला जसेच्या तसे आठवते.

आषाढात आक्का बाळंत झाली. मुलगी झाली, ती जगली. आक्काच्या अंगावरून गेले ते थांबले नाही. एरवी दुसऱ्या बाईने कदाचित सोसले असते तेवढे रक्त तिच्याजवळ नव्हते. गाडीबैल जुंपेपर्यंत सगळे आटोपले होते. त्या वर्षी पाऊस चांगला लागला होता आणि बांधावर तरोटा मांडीएवढा वाढला होता.

आमच्या घरात त्यानंतर दोन तट पडले. आई म्हणायची, पाल्याच्या नादी लागून पोर गेली. आजी मरेपर्यंत म्हणत राहिली की दुष्काळ होता, पुरेसा पाला मिळाला नाही म्हणून गेली. आजी गेल्यावर माळ्यावरची हिंगाची डबी खाली आली. मी गोळ्या मोजल्या. अठ्ठावीस होत्या. मी पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकलो आणि वनस्पतींपासून मिळणारी औषधे हाच विषय तीसहून अधिक वर्षे शिकवला. वर्गात शिकवताना मनात आई आणि आजीचा खटला चालूच असायचा. पानात रक्त असते की नसते?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईत शोधले गेले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. वय चाळीस. केंब्रिजला त्यांनी आधी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले होते, नंतर लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. गरोदर बायकांमध्ये होणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचे कारण शोधायला त्यांना बोलावण्यात आले होते. डॉ. मार्गारेट बाल्फोर या भारतात वर्षानुवर्षे काम केलेल्या डॉक्टरबाईंनी गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी हाती घेतली होती, तिच्याशी हे काम जोडलेले होते. विल्सबाईंचे ठाणे परळला, हाफकिन संस्थेत. एके काळच्या गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्यात १८९९ पासून वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा चालत असे, तीच ही संस्था. १९२५ पासून तिला हाफकिनांचे नाव मिळाले होते.

वर्ष लक्षात घ्या. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगाव संपावर होते. सहा महिने धुरांड्यांतून धूर निघाला नाही. बायका गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करीत. बाळंतपणाची हक्काची, पगारी रजा ही गोष्ट तोवर कायद्यात नव्हती. त्याच जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर पाठिंब्याचे भाषण करीत होते. बाईच्या बाळंतपणाचा भार समाजाने आणि मालकाने उचलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ साली तो कायदा झाला, आणि देशातला तो पहिलाच. एकाच वर्षी, एकाच शहरात, गरीब गरोदर बाईचा प्रश्न एकीकडे सभागृहात आणि दुसरीकडे सूक्ष्मदर्शकाखाली असा दोन्हीकडे मांडला जात होता. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी शेजारी छापलेल्या मला कधी आढळल्या नाहीत.

विल्सबाईंनी काय पाहिले? या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने फार कमी, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण साध्या लोहाच्या कमतरतेत याच्या उलट होते. पेशी लहान आणि फिकट होतात. मोठ्या पेशींचा पांडुरोग युरोप-अमेरिकेत माहीत होता. तिकडे त्याला घातक पांडुरोग म्हणत, आणि १९२६ साली मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवले होते की भरपूर यकृत, म्हणजे काळीज, खाऊ घातले की तो आटोक्यात येतो. त्याबद्दल पुढे १९३४ चे नोबेलही मिळाले. पण यकृताचा अर्क महाग. गिरणगावातल्या कुठल्या बाईला तो परवडणार होता? शिवाय विल्सबाईंच्या हळूहळू लक्षात आले की मुंबईचा आजार दिसतो तसाच असला तरी तो नव्हे.

संसर्गाचा आणि जंतांचा संशय त्यांनी तपासून बाजूला ठेवला. मग त्या बायकांच्या ताटाकडे वळल्या. कोण काय खाते, भाजी किती, दूध किती, फळ कधी शिवते का, याची घरोघर माहिती गोळा केली गेली. त्यांच्या निबंधांवर मेहता, तळपदे अशी इथल्या सहकाऱ्यांचीही नावे आहेत. निष्कर्ष असा की ज्या वस्तीतल्या बायकांच्या जेवणात पालेभाजी, फळे आणि सकस अन्न सर्वांत कमी, तिथेच हा पांडुरोग सर्वांत जास्त. आज हे वाचताना वाटते, यात काय मोठेसे? पण त्या काळी उष्ण हवा, वंश, पडदा, अस्वच्छता अशा कशावरही बोट ठेवून लोक मोकळे होत असत. ताटावर बोट ठेवणे म्हणजे मजुरीवर बोट ठेवणे होते.

मग त्या निलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या आणि मुंबईच्या गरीब बायकांच्या जेवणासारखे जेवण उंदरांना घालून पाहिले. उंदरांना पांडुरोग झाला. खमीर, म्हणजे यीस्ट, दिले की तो टळे. सगळे जुळत आले असे वाटत असतानाच कळले की या उंदरांच्या अंगावरच्या उवांतून त्यांना एक वेगळाच संसर्ग होत होता आणि त्याने हिशेबात घोळ घातला होता. संशोधनात असे फार होते, फक्त ते सहसा कुणी सांगत नाही. त्यांनी उंदीर सोडून माकडे घेतली. इथे मार्माइटचा प्रवेश होतो. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यातल्या उरलेल्या खमिराचा अर्क. काळा, खारट, चिकट लेप. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात आणि इतरांना तो का आवडावा हे कळत नाही. तो स्वस्त होता. माकडे सुधारली. मग रुग्ण बायकांना तो दिला. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात कोवळ्या, नव्या तांबड्या पेशींची गर्दी दिसू लागली. १९३१ च्या जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा निबंध छापून आला. मार्माइटमध्ये आणि कच्च्या यकृतात असे काहीतरी आहे जे शुद्ध केलेल्या यकृत-अर्कात नाही, हेही त्यांनी पुढे दाखवून दिले. त्या 'काहीतरी'ला जगात काही काळ 'विल्स फॅक्टर' म्हणत. हे नाव परळच्या त्या बंगल्यातून निघाले आहे.

ते काहीतरी नेमके काय, याचे उत्तर पानातून आले. आणि गंमत अशी की ज्यांनी ते काढले ते रक्ताचा विचारही करीत नव्हते.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात मिशेल, स्नेल आणि विल्यम्स या तिघांना एका जातीच्या जिवाणूच्या वाढीसाठी लागणारा पदार्थ हवा होता. तो पालकात मुबलक आहे असे दिसले. १९४१ साली त्यांनी चार टन पालकाची पाने दळून, गाळून, धुऊन, पुन्हा पुन्हा शुद्ध करून त्यातून अगदी जरासा पदार्थ मिळवला. चार टन म्हणजे आपल्या बाजारात येणारे पालकाने भरलेले किती टेम्पो, याचा तुम्हीच अंदाज करा. पानातून मिळाला म्हणून लॅटिनमधल्या 'फोलियम', म्हणजे पान, या शब्दावरून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड. मराठीत म्हणायचे तर पर्णाम्ल. ज्या गोळीला आजी पानाची वैरीण समजत होती, तिच्यातल्या एका औषधाचे नावच पान आहे, हे मला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला कळले. त्या दिवशी मी पुढच्या तासाला बसलो नाही.

पण पालकातून टनावारी काढून औषध बनत नसते. ते प्रयोगशाळेत बनवावे लागते. १९४५ साली अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी ते घडवले. त्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगड सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचे दोन भाऊ तरुणपणीच स्प्रू नावाच्या, संग्रहणीच्या जातीच्या आजाराने आठवड्याभराच्या अंतराने गेले होते. या आजारात आतडे अन्नातले पर्णाम्ल शोषून घेत नाही. अमेरिकेला जाण्यापूर्वी सुब्बाराव मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात शरीररचना शिकवीत. भावांना मारणाऱ्या आजारावर उपयोगी पडेल असे औषध त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्याच वर्षी ते रुग्णांना देऊन पाहिले गेले आणि मोठ्या पेशींचा पांडुरोग हटला. विल्सबाईंचे 'काहीतरी' सापडले ते असे. मुंबईत बाईच्या रक्तात सुरू झालेला शोध टेक्सासमधल्या पालकातून गेला आणि भीमावरमच्या माणसाजवळ येऊन थांबला.

थांबला म्हणतो, पण खरे तर तिथून एक फाटा फुटला. पर्णाम्लाने रक्तपेशी वाढतात, मग पर्णाम्लाची वाट अडवली तर रक्ताच्या कर्करोगातल्या बेबंद वाढणाऱ्या पेशी रोखता येतील का? बोस्टनचे डॉ. सिडने फार्बर यांनी सुब्बारावांच्या गटाने बनवलेले अमिनोप्टेरिन हे विरोधी औषध रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी जाहीर केले की काही मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटला. तोवर त्या आजाराला मागे हटणे माहीतच नव्हते. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

आणखी एका पानाचे रक्ताशी असलेले नाते सांगितलेच पाहिजे, कारण ते पान सुलतानपुरात दर दुसऱ्या अंगणात आहे. सदाफुली. मूळची मादागास्करची, आता आपलीच झालेली. जमैकात हिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ साली तिथल्या एका डॉक्टरांनी टोरांटोच्या डॉ. क्लार्क नोबल यांना पाकिटात घालून सदाफुलीची २५ पाने पाठवली. (हे क्लार्क नोबल म्हणजे इन्सुलिनच्या शोधाच्या वेळी नाणेफेकीत हरलेले विद्यार्थी. जिंकलेल्या चार्ल्स बेस्ट यांचे नाव जगाला माहीत झाले.) क्लार्कनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट यांच्याकडे दिली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क काढून उंदरांना दिला. रक्तातली साखर काही हलली नाही. पण टोचून दिल्यावर उंदीर मरू लागले. का, तर त्यांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या आणि साध्या जंतूंशीही त्यांना लढता येत नव्हते. एखाद्याने प्रयोग फसला म्हणून पाने फेकून दिली असती. या दोघांनी विचार केला की पांढऱ्या पेशी अशा झपाट्याने जात असतील, तर ज्यांच्या अंगात त्या बेसुमार वाढल्या आहेत त्यांचे काय? १९५८ साली त्यांनी विनब्लास्टिन जाहीर केले. तिच्याच पानातले विनक्रिस्टिन १९६३ पासून अमेरिकेत औषध म्हणून वापरात आले आणि आजही रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना ते दिले जाते. एक ग्रॅम विनक्रिस्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. आमच्याकडे साखरेसाठी सकाळी सदाफुलीची पाने चावणारे लोक अजून भेटतात. त्यांना मी हे उंदरांचे सांगतो. काही ऐकतात.

गोठ्यातल्या लसूणघासाचेही असेच. रक्त गोठायला लागणारे के जीवनसत्त्व १९३९ साली याच गवतातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले. हृदयाची झडप बदललेले आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरीनची गोळी चालू असलेले रुग्ण आता गावोगाव आहेत. त्यांना डॉक्टर पालेभाजी एकदम वाढवू नका, एकदम तोडू नका असे सांगतात ते याच जीवनसत्त्वामुळे. आणि अलीकडे डेंग्यूच्या दिवसांत पपईच्या पानांचा रस. त्याने प्लेटलेट लवकर वाढतात असे काही चाचण्यांत दिसले आहे, पण डेंग्यूचा रुग्ण दगावतो तो बऱ्याचदा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्याने. त्याला वेळेवर सलाइन लागते. रस पाजून घरी थांबण्यात तो वेळ जातो, एवढीच माझी तक्रार आहे.

आता परत आक्काकडे.

विल्सबाईंची गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा मला वाटले, आजी जिंकली. पान खरेच रक्त करते. दुष्काळात पान नव्हते म्हणून आक्का गेली. शिवाय आजीचे कुठे चुकले तेही सापडल्यासारखे झाले. पर्णाम्ल पाण्यात उतरते. पालक भरपूर पाण्यात उकळला तर त्यातले जवळपास निम्मे जाते, असे मोजमाप झालेले आहे. वाफवला तर फारसे जात नाही. आजी ते पाणी रोज परसातल्या गोडनिंबाच्या आळ्यात ओतीत होती. बरीच वर्षे मी हेच मानून चाललो.

मग एके दिवशी रक्ताच्या आजारांचे एक सचित्र पुस्तक चाळत होतो. त्यात नखांचे चित्र होते. चपटी, मधे खोल गेलेली, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी नखे. खाली लिहिले होते, लोहाच्या कमतरतेचे लक्षण. ती आक्काची नखे होती. शेवग्याची पाने देठावरून ओरबाडताना ती माझ्याशेजारी बसायची. तिची नखे वेडीवाकडी झाली म्हणून मी तिला चिडवायचो. भिंतीचे पोपडे खाण्याची ओढही बहुतेक करून लोह कमी झालेल्यांनाच लागते. परळच्या बायकांच्या पेशी मोठ्या होत्या. आक्काचे रक्त कुणी काचेवर घेऊन पाहिले नाही, पण पाहिले असते तर पेशी लहान दिसल्या असत्या, असे आज मी जवळजवळ खात्रीने म्हणतो.

गरोदरपणात बाईला एकूण सुमारे एक ग्रॅम लोह जास्तीचे लागते. शंभर ग्रॅम पालेभाजीत लोह असते जेमतेम काही मिलिग्रॅम, आणि त्यातला दहावा हिस्साही धड अंगी लागत नाही. वरून चहा घेतला तर आणखी कमी. लिंबू पिळले तर थोडे अधिक. दुष्काळात आधीच रिकाम्या झालेल्या बाईची एवढी मोठी तूट शेवग्याच्या झाडाने चार महिन्यांत भरून काढणे शक्य नव्हते. पाणी फेकले नसते तरी नव्हते.

इथे जुन्या वैद्यांची बाजू मांडायला हवी. आजीचे वाक्य ऐकून कुणाला वाटेल की पाला म्हणजे आयुर्वेद आणि गोळी म्हणजे इंग्रजी औषध. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात वनस्पती आहेतच, पण लोहाचे चूर्ण आणि मंडूर, म्हणजे लोखंडाचा जुना कीट, हेही आहे. अडुळशाच्या पानांचा रस वैद्य वापरीत तो रक्तपित्तात, रक्त पडत असेल तेव्हा. रक्त कमी झाले तर लोह आणि रक्त पडत असेल तर अडुळसा, हा फरक त्यांना ठाऊक होता. जाणता वैद्य आक्काला बघायला आला असता तर त्याने लोहच दिले असते. नर्सबाईंच्या पुडीतही लोहच होते, सोबत पर्णाम्ल. १९७० साली सरकारने गरोदर बायकांसाठी या जोडगोळीचा कार्यक्रम सुरू केला होता. पान आणि लोखंड एकाच गोळीत होते, आणि ती गोळी हिंगाच्या डबीत होती.

पाल्याचे श्रेयही मी काढून घेणार नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गरोदर मातांचा अभ्यास केला. त्यात २००१ साली दिसून आले की ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, दूध आणि फळे जास्त वेळा होती, त्यांची बाळे जन्मतः अधिक अंगापिंडाची होती. त्याच अभ्यासातून २००८ साली दुसरी गोष्ट बाहेर आली. पर्णाम्लाची उणीव या खेड्यांत जवळजवळ नव्हतीच. पण निम्म्याहून कितीतरी अधिक मातांमध्ये बी-१२ कमी होते. बी-१२ कुठल्याही पानात नसते, ते दूध, अंडी, मांस यांत असते. त्याची कमतरता असताना नुसते पर्णाम्ल देत राहिले तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतू मात्र बिघडत राहतात. म्हणजे विल्सबाईंनी परळला जे उत्तर काढले, ते त्यांच्यासमोरच्या बायकांसाठी अगदी बरोबर होते. पुण्याच्या खेड्यातल्या बाईला ते पुरत नाही. आक्कालाही पुरले नसते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५४ बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. यात लहान पेशीवाल्या किती, मोठ्या पेशीवाल्या किती, हे बोटाला सुई टोचून काढलेल्या एका आकड्यावरून कळत नाही.

आक्काची मुलगी आमच्याकडेच वाढली. मागच्या वर्षी तिच्या मुलीला दिवस गेले आणि ती सुलतानपूरला विश्रांतीला आली. मी तिचे रक्ताचे कागद मागून घेतले. हिमोग्लोबिन नऊच्या जरा वर आणि पेशी लहान. डॉक्टरांनी लोहाची गोळी लिहिली होती, ती तिने मळमळते म्हणून बंद केली होती. मी तिला म्हटले, "बेटा, उपाशीपोटी घेऊ नको. रात्री जेवून झोपताना घेत जा. शौचाला काळे होईल, त्याला भ्यायचे नाही, ते लोखंडच आहे. आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको." तिने विचारले, "मामाआजोबा, शेवग्याची भाजी चालेल?" चालेल म्हटले, रोज कर, पण पाणी फेकू नको, वरून लिंबू पिळ. परसातला जुना शेवगा कधीच पडला, आता आहे तो त्याच्या फांदीपासून लावलेला. पाला मीच काढून दिला.